चिखलीच्या माळ्यावरचा पितळी भोवरा

प्रश्न : काका, आमचं गोव्यातलं, चिखलीचं जुनं घर उतरवायला काढलंय. माळ्यावर आजोबांच्या चुलत्यांची पत्र्याची ट्रंक निघाली. ते ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या गोदीत कामाला होते. ट्रंकेत एक पितळी वस्तू आहे. मुठीत जेमतेम मावते, आकार उलट्या ठेवलेल्या भोवऱ्यासारखा. खाली आटे, मध्ये एकावर एक दोन चकत्या, त्यांतल्या एकीवर बारीक रेघा आणि ० ते २२ आकडे. तळाजवळ ८० हा आकडा आणि एक बाण. बाबा म्हणतात, मुरगावात बुडालेल्या जर्मन बोटीचा भाग आहे. निम्मी बाजू मी चिंच-मीठ लावून लखलखीत केलीय. चकत्या घट्ट बसल्यात, वेल्डरच्या व्हाइसमध्ये घट्ट धरून फिरवून बघू का? आणि किंमत किती येईल?

उत्तर : वेल्डरकडे नेऊ नका. चिंचही बंद. वस्तू स्वयंपाकघराच्या बाजूला असेल तर एकदाच, हलक्या हातानं उचलून वापरात नसलेल्या खोलीत जमिनीवर ठेवा, खाली जुनी गोधडी घाला, खोलीला कडी लावा. मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मग पुढचं वाचा.

तुमच्या फोटोत दिसतो तो तोफगोळ्याच्या टोकावर बसवायचा फ्यूज आहे. ब्रिटिशांचा ८० नंबरचा, वेळ लावायचा. पहिल्या महायुद्धात अठरा पौंडी तोफेच्या गोळ्यावर हा लाखोंनी बसला. त्या गोळ्याच्या पोटात शिशाच्या पावणेचारशेच्या आसपास गोळ्या असत. गोळा शत्रूच्या डोक्यावर पोचला की हवेतच फुटायचा आणि या गोळ्यांचा पाऊस खाली पडायचा. नेमका कधी फुटायचा, ते तुमच्या त्या ० ते २२ च्या चकतीवर ठरे. दोन्ही चकत्यांना आतून चर असतो आणि चरात काळी दारू ठासलेली. तोफ सुटली की त्या हिसक्यानं आतला ठोकळा सुईवर आपटतो, वरच्या चकतीतली दारू पेटते, चरातून सरकत खालच्या चकतीत उतरते आणि शेवटी गोळ्यात जाते. खालची चकती फिरवायची म्हणजे त्या ठिणगीला किती लांबचा रस्ता चालायला लावायचा ते ठरवायचं. घड्याळच म्हणा, फक्त काट्याच्या जागी विस्तव.

आता कळलं असेल, मी वेल्डरचा व्हाइस नको का म्हणालो. उडवलेल्या फ्यूजमधली दारू जळून गेलेली असते. नाक चेपलेलं, आट्यांना मार लागलेला, चकत्यांच्या फटीत काजळी, अशा खुणा सापडतात. तुमच्या फोटोत नाक शाबूत आहे आणि आटे स्वच्छ. म्हणजे हा उडवलेला दिसत नाही. कुणीतरी आतलं सगळं काढून टेबलावरचं वजन म्हणून वापरलेला असू शकतो, तशी तेव्हा पद्धतच होती. शिकवणीसाठी बनवलेला पोकळही असू शकतो. पण आत काही आहे की नाही, हे फोटोवरून मी सांगणार नाही आणि दुसरा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. ११२ ला फोन करा, वस्तू काय वाटते ते सांगा, बॉम्बशोधक पथक घरी येतं. तुम्ही ती घेऊन चौकीवर जायचं नाही. आमच्या संग्राहकांतल्या एकानं मागे मॉर्टरचा गोळा स्कूटरच्या डिकीत घालून थेट पोलीस ठाण्यात नेला होता. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं, सहा किलोमीटर. टेबलावर ठेवल्यावर ठाणं रिकामं व्हायला अर्धा मिनिट लागला नाही. त्यातून काही झालं नाही, पण त्याच्या बायकोनं त्यानंतर त्याचा सगळा संग्रह घराबाहेर पडवीत आणून ठेवला, तो आजतागायत तिथंच आहे.

आता तुमच्या बाबांच्या म्हणण्याकडे येतो, कारण खरा विषय तोच आहे.

गोव्यात एखादी जुनी, जड, पितळी वस्तू सापडली की तिला दोनपैकी एक गोष्ट चिकटते. मुरगाव-वास्कोच्या बाजूला असेल तर ‘जर्मन बोटीची’ आणि दाबोळी, बांबोळी, दोनापावलाकडे असेल तर ‘एकसष्ट सालची’, म्हणजे गोवा मुक्तीच्या लढाईतली. मुंबईचा धागा निघाला तर तिसरी गोष्ट तयारच असते, १४ एप्रिल १९४४ च्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटाची. या तिन्ही घटना खऱ्या आहेत, म्हणून तर गोष्टी पटतात. चाळीस वर्षं या वस्तूंच्या मागे फिरून माझं एवढंच म्हणणं आहे : वस्तूवरची खूण आधी वाचा, गोष्ट नंतर ऐका. आणि दुसऱ्या संग्राहकाला विचारताना तर गोष्ट सांगूच नका.

जर्मन बोटीचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध सुरू झाल्यावर एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स या तीन जर्मन व्यापारी बोटी मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबल्या. पुढे अनफोरा ही इटालियन बोटही. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतली मध्यमवयीन माणसं ‘फीबी’ नावाच्या जुन्या बार्जमधून आली आणि एरेनफेल्सवर चढली. बोट हाती पडू नये म्हणून खलाशांनी स्वतःच ती बुडवली, बाकीच्यांनीही आपापल्या बोटी बुडवल्या. ब्रिटिशांनी हे प्रकरण १९७८ पर्यंत गुलदस्त्यात ठेवलं.

आता विचार करा. ही मालवाहू बोट, ब्रेमेनच्या हांझा कंपनीची. तिच्यावरच्या झडपांच्या चाकावर ‘आउफ’ आणि ‘त्सू’ असं असेल, म्हणजे उघडा आणि बंद. यंत्राच्या पट्टीवर जर्मन कारखान्याचं नाव असेल. ब्रिटिश तोफेचा फ्यूज तिच्यावर कशाला असेल? बाण ही तर ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. त्या बाणाखाली एखादं अक्षर आहे का, ते बघा. आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा माल. बाण सीच्या पोटात असेल तर कॅनडाचा. दोन डींच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचा. चिंचेनं घासलेल्या बाजूला अक्षर असलं तर ते आता निम्मं गेलेलं असणार, म्हणून तर मी चिंचेवर चिडलो. पितळेवरचा काळसर हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. ठोकलेल्या अक्षरांच्या कडा त्यानंच जपलेल्या असतात, आणि कारखान्यातल्या लाखेच्या किंवा रंगाच्या खुणाही त्याच थराखाली असतात. पीतांबरीनं देव घासावेत, फ्यूज नाही.

तरी बाबांना एकदम खोटं पाडू नका. या फ्यूजचा आराखडा मुळात जर्मन आहे. क्रुपचा. युद्धाच्या आधी व्हिकर्स कंपनीनं परवाना घेऊन तो इंग्लंडमध्ये बनवायला सुरुवात केली, मग महायुद्ध लागलं आणि जर्मन डोक्यातून निघालेला फ्यूज जर्मन खंदकांवरच फुटायला लागला. युद्ध संपल्यावर क्रुपनं व्हिकर्सकडे परवान्याच्या पैशांसाठी दावाही लावला. माणसं मेली ती मेली, हिशेब राहिला होता.

खूण वाचली आणि तरी फसलो, असंही होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला एकदा वीस लिटरचा पत्र्याचा कॅन मिळाला, वर तीन मुठी असलेला. बाजूला दाबून उठवलेली अक्षरं : ‘क्राफ्टश्टॉफ २० एल, फॉयरगेफेअरलिश’, म्हणजे इंधन, ज्वालाग्राही. खाली साल १९४२. विकणारा म्हणाला, एरेनफेल्सचा. जर्मन अक्षरं, गोवा, आणखी काय पुरावा हवा? मी खिशात होते तेवढे पैसे काढून दिले. घरी आल्यावर आठवडाभरानं, आंघोळ करताना, डोक्यात प्रकाश पडला. ती बोट युद्ध सुरू झाल्यापासून मुरगावात अडकून पडलेली. मग १९४२ साली जर्मनीत बनलेला कॅन तिच्यावर चढला कुठून? तो कॅन जर्मन लष्कराचा, जमिनीवरच्या लढाईतला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आपली चौथी डिव्हिजन लढली, तिथं हे कॅन दोन्ही बाजूंचे सैनिक मिळतील तिथून उचलत, कारण ब्रिटिशांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे डबे गळायचे. तिकडून कुणाच्या तरी सामानाबरोबर तो आला असावा, असा माझा अंदाज. अंदाजच. पण सालानं एक गोष्ट पक्की केली, ती म्हणजे तो कुठून आलेला नाही.

एकसष्टच्या वस्तू तर आणखी फसव्या. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं, आणि मुरगावच्या तोंडाशी आपल्या बेतवा, बियास आणि कावेरी या युद्धनौकांशी पोर्तुगीजांची अफोन्सो द अल्बुकर्क लढली आणि शेवटी किनाऱ्याला लागली. लोक पितळी भाग आणतात, त्यावर इंग्रजी कारखान्याचं नाव दिसतं आणि म्हणतात, इंग्रजी म्हणजे आपल्या बोटीचा. पण अल्बुकर्कही इंग्लंडमध्येच बांधलेली होती, हॉथॉर्न लेस्लीच्या गोदीत, १९३४ साली. बेतवा आणि बियासही तिकडच्याच. समोरासमोर लढलेल्या बोटी एकाच देशातल्या कारखान्यांतून आलेल्या. तेव्हा नुसतं इंग्रजी नाव सापडलं म्हणून पाट्या रंगवायला घेऊ नका. तोफेची पुंगळी, म्हणजे गोळा सुटल्यावर मागे उरणारं पितळी नळकांडं, असेल तर तिचा व्यास मोजा. अल्बुकर्कच्या मोठ्या तोफा १२० मिलिमीटरच्या, बेतवा-बियासच्या साडेचार इंची, म्हणजे ११४. सहा मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, व्हर्नियर कॅलिपरला दिसतो. बंदुकीच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर एफएनएम असेल तर ती पोर्तुगालच्या सरकारी कारखान्याची, शेजारच्या दोन आकड्यांत साल. केएफ असेल तर आपल्या पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्याची. खडकीत नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत, त्यांना पुंगळीचं बूड दाखवलं की ते चष्मा न लावता सांगतात.

इथं सहसंग्राहकांचं महत्त्व कळतं. एकट्याला सगळं येत नाही. बेळगावचा एक जुना फिटर मला आट्यांवरून देश सांगतो. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. तो आटे मोजायची पात्यांची मापणी लावतो आणि उजेडासमोर धरून फट बघतो. मात्र पाइपांच्या बाबतीत हे चालत नाही, कारण पाइपाचे आटे जर्मनीतही इंची मापाचे. हे त्यानं मला सांगितलं नसतं तर मी आणखी दोन वस्तूंना चुकीचं लेबल लावलं असतं. मेडल असेल तर त्याची कड आधी बघायची, पहिल्या महायुद्धाच्या मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. मराठा पलटणीचं निघालं तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला लिहा. कागदपत्रं पोर्तुगीज असतील तर पणजीचं पुराभिलेखागार. विमानाचा तुकडा असेल तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन अख्खी विमानं आधी डोळे भरून बघा. रिव्हेटच्या रांगा कशा असतात, ते एकदा डोक्यात बसलं की माळ्यावरचा पत्रा आणि विमानाचा पत्रा यांत घोटाळा होत नाही.

आणि ज्याला युद्धाचं ओ की ठो कळत नाही असा माणूस कधी कधी सगळ्यांत उपयोगी. माझ्याकडे काचेच्या कपाटात तीन वर्षं एक पितळी दंडगोल होता. बाजूनं भोकं, आत स्प्रिंगवर बसलेली झाकणी. वास्कोजवळच्या सडा गावातल्या भंगारवाल्याकडून घेतलेला. खाली मी सुवाच्य अक्षरांत कार्ड लावलं होतं : ‘जर्मन बोटीच्या यंत्रातला भाग’. वाळपईकडचे एक कुळागरवाले, म्हणजे सुपारीचे बागायतदार, घरी चहाला आले, कपाटाशी थबकले, आणि म्हणाले, “हो फूट व्हॉल्व्ह हंय कित्याक दवरला?” म्हणजे हा फूट व्हॉल्व्ह इथं कशाला ठेवलाय? विहिरीतल्या पंपाच्या पाइपाला तळाशी लावतात तो. त्यांच्या घरी तसलेच दोन पडलेले होते. त्या कार्डाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी ‘फूट व्हॉल्व्ह’ लिहून ते तसंच ठेवलंय. पाहुण्यांना आधी तेच दाखवतो.

म्हणून तुम्ही पुढं कुणाला विचाराल तेव्हा असं करा. पथकानं वस्तू निर्धोक असल्याचं सांगितल्यावरच, हं. फोटो उन्हात नको, सावलीत घ्या. वरून, तळातून, चारी बाजूंनी. शेजारी पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर दहाचं नाणं, ते २७ मिलिमीटरचं असतं. पुसट छाप वाचायची युक्ती म्हणजे रात्री दिवे घालवून टॉर्च जवळजवळ आडवा धरायचा, सावलीनं अक्षरं उठतात. किंवा पातळ कागद लावून वर पेन्सिल आडवी फिरवायची, लहानपणी नाण्याची छाप काढायचो तशी. खडू, पीठ, तेल काही चोळू नका. चुंबक लावून बघा, चिकटला तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड. वाण्याच्या काट्यावर वजन. आणि हे सगळं तीन वेगवेगळ्या माणसांना, एकमेकांचं उत्तर न कळता पाठवा. त्यांना ‘मुरगाव’ म्हणू नका, ‘गोदी’ म्हणू नका, बाबा काय म्हणतात तेही नको. एकदा बोटीचं नाव कानावर पडलं की चांगल्या जाणकारालाही त्या वस्तूत बोटच दिसायला लागते, मला स्वतःला दिसते. तिघांची उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर त्यांना विचारा, कशावरून म्हणता? जो खुणेवर बोट ठेवतो त्याचं धरा. ज्याच्या उत्तराचं पहिलंच वाक्य ‘विकायचीय का?’ असं असेल, त्याचं शेवटी धरा.

गोष्ट फेकून द्यायची असं मात्र मी म्हणत नाही. ती वेगळ्या कागदावर लिहून ठेवायची, कुणी सांगितली, कधी सांगितली, त्यांना कुणी सांगितली. कधी कधी गोष्ट आणि खूण दोन्ही जुळतात. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर मराठ्यांनी चर्चच्या घंटा आणून देवळांत टांगल्या, त्यांतली एक भीमाशंकरला आहे. तिथं गुरवानं सांगितलेली गोष्ट ऐकून वर बघितलं तर घंटेवर क्रॉस आणि साल, दोन्ही ओतलेलं. अशा वेळी अंगावर काटा येतो. पण तो काटा फुकटचा नाही, वर बघितल्यावर आला पाहिजे.

किमतीचं विचारलंत. हा फ्यूज लाखोंनी बनलेला, फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत नांगराला अजून लागतो. श्रीमंत होण्याचा विचार सोडा. परदेशातला कुणी हौशी चांगले पैसे देतो म्हणाला तरी कुरिअरनं पाठवू नका. एक तर विमानात असली वस्तू म्हणजे स्वतःहून पोलिसांना आमंत्रण. दुसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे आणि पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंनी ती आता ओलांडलीय. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ट्रंकेत आणखी काही असेल, विशेषतः जिवंत काडतूस, तर तेही पथकालाच दाखवा. विनापरवाना ते घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, पणजोबांचं असलं तरी.

आता माझा प्रश्न. तुम्ही फ्यूजचे सात फोटो पाठवलेत आणि ट्रंकेचा एकही नाही. ट्रंक अजून आहे ना, की घर उतरवणाऱ्यांनी नेली? झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं नाव किंवा नंबर काढलेला असतो, कधी बोटीच्या कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली असते. तळाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद घातलेला असेल तर तो ओढून काढू नका, त्याची तारीख वाचा. गोदीचा पितळी बिल्ला, पगाराची पावती, बोटीच्या पासाचा तुकडा, काहीही. तुमच्या आजोबांचे चुलते गोदीत नेमके काय करायचे, हमाल होते, कारकून होते की दारूगोळ्याच्या गुदामावर होते, ते बाबांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. बाणाखालचं अक्षर आणि ट्रंकेचं झाकण, एवढे दोन फोटो आले की पुढचं बोलू.